मावशीचा पत्ता

टेलरबाईला जन्मभर एकच खोड: दुसऱ्याचं उसवलेलं दिसलं की हात शिवशिवायचे.

भुंगी तिच्याकडे तात्पुरती म्हणून आली आणि तीन वर्षं राहिली. पोर सारखी गुणगुणायची, म्हणून भुंगी. आईचे हक्क कोर्टाने काढून घेतलेले, बापाचा मागमूस नाही, आणि नातेवाईक शोधून बालकल्याण खात्याने हात टेकलेले. शोधून म्हणजे काय, दोन पत्रं टाकली, ती परत आली, संपला शोध! पण त्यामुळेच दत्तकाचा रस्ता मोकळा झाला होता. टेलरबाई आणि तिचा नवरा अर्ज करून तारखेकडे डोळे लावून बसले होते.

आणि एके दिवशी भुंगीने आरशासमोर उभं राहून विचारलं, "काकू, माझं नाक कुणासारखं गं?"

"तारीख होऊ दे, मग काय शोधायचं ते शोध," नवरा म्हणाला. पण ऐकेल ती टेलरबाई कसली! भुंगीची आई पूर्वी राहायची त्या इमारतीचे जिने ती चढली, दारं ठोठावली. एका म्हातारीने सांगितलं, तिची थोरली बहीण आहे की, दुसऱ्या शहरात. पत्ताही दिला. टेलरबाईला वाटलं, एखादा फोटो मिळाला तरी पुष्कळ.

फोटो घेऊन मावशी स्वतःच आली. नाक थेट तेच. बहिणीशी बोलणं तुटलेलं, तिला मूल आहे हेही बिचारीला ठाऊक नव्हतं. भुंगीला कुशीत घेऊन ती रडली, आणि आमची ही शहाणी तिला पाणी देताना स्वतःही रडली. उपट सूळ आणि घे खांद्यावर, म्हणतात ते हेच.

पुढच्याच महिन्यात मावशीने भुंगीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला.

"रक्ताचं माणूस पुढे आलं की आधी त्याचा विचार होतो," टेलरबाईची वकीलबाई म्हणाली. "बाई वाईट असती तर मी भांडले असते हो. ती चांगली आहे."

"आणि आम्ही?"

"तुम्हीही चांगल्या आहात. पण तात्पुरत्या."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, खात्याला न सापडलेली मावशी सापडली कशी? टेलरबाई उभी राहिली. "मी शोधली." साहेबांनी भर कोर्टात तिचं कौतुक केलं, अशी माणसं हवीत म्हणाले. मागच्या बाकावर भुंगी ऐकत होती. मग साहेबांनी तिला आत बोलावून हळुवारपणे विचारलं, बाळ, तुला कुठे राहायला आवडेल?

"कुठेही," भुंगी म्हणाली.

निकाल मावशीच्या बाजूने लागला. बॅग भरताना टेलरबाई बडबडत राहिली, मावशी मायाळू आहे, सुट्टीत ये हं. भुंगीने तिच्या हातातले फ्रॉक काढून घेतले आणि स्वतःच घड्या घालू लागली.

"मी नको होते तर सांगायचं ना, काकू. मी त्रास दिला नसता."

"अगं, असं नाही गं राणी!"

"मग शोधलीस कशाला तिला?"

 खरं सांगितलं असतं तर पोरीने जन्मभर म्हटलं असतं, मी विचारलं म्हणूनच माझं घर गेलं. म्हणून टेलरबाई गप्प राहिली, आणि भुंगीने ते गप्प राहणंच उत्तर धरलं.