हिरव्यात टाकलेला माणूस

ॲम्ब्युलन्सवर वर्षं काढलेल्या माणसाला घरचं दुखणं दुखणं वाटत नाही. दिवसभर फुटलेली डोकी आणि थांबलेली काळजं बघून घरी यायचं, आणि घरी कुणी म्हणालं, पोटात कळ येतेय, की तोंडातून आपोआप निघतं, "काही होत नाही, पड जरा." ताईंच्या ॲम्ब्युलन्स स्टेशनवर प्रत्येकाच्या घरी हीच रड. एकाचा मुलगा मोडलेलं मनगट घेऊन चार दिवस शाळेत गेला, कारण बाप म्हणाला मुका मार आहे. मोठ्या अपघातात दहा-बारा जखमी एकदम समोर आले की त्यांच्या मनगटाला रंगीत पट्ट्या बांधतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळाने, हिरवा म्हणजे थांबू शकेल. स्टेशनवर सगळे म्हणायचे, आपल्या घरचे जन्मजात हिरवे. आणि हसायचे. ताईही हसायच्या, आठ महिन्यांपूर्वीपर्यंत.

त्या सकाळी ताईंचा एक पाय बुटात होता. नवरा मोरीच्या दारात उभा राहून म्हणाला, जबड्यात कसंतरी होतंय आणि छातीत जळजळतंय. ताईंनी बूट अर्धवट ठेवून त्याचं मनगट धरलं. ठोके नीट होते. घाम नव्हता, धाप नव्हती, आणि गडी थट्टेच्या मूडमध्ये होता. "आमच्या फौजदारीणबाईंनी हात धरला," तो म्हणाला, "आता दुखणं सुटायचं नाही." तो बायकोला याच नावाने हाक मारायचा, चारचौघांतसुद्धा. ताई म्हणाल्या, "पित्त आहे तुमचं. गार दूध घ्या आणि पडा." मग दुसरा बूट घातला आणि गेल्या.

दुपारी दीडला त्याने स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी गेली ती दुसऱ्या स्टेशनची. ताई तेव्हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका इमारतीच्या जिन्यातच एका बाईला बाळंत करत होत्या. बाळ रडलं, ते फडक्यात गुंडाळून त्यांनी आईच्या छातीवर दिलं, आणि मग ड्रायव्हरदादांनी त्यांना बाजूला घेतलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या गाडीवरचा प्रमुख एवढंच म्हणाला, "त्रास नाही झाला हो, ताई. गाडीतच गेले." बोलताना तो आपल्या बुटांकडे बघत होता. ताईंनी बावीस वर्षांत स्वतः कितीतरी लोकांना असंच सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सकाळी नाडी आपण धरली होती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

लेक पंधरा दिवसांतच भाड्याची खोली सोडून घरी राहायला आली. ती शिवणकामाच्या कारखान्यासाठी कपड्यांचे कागदी साचे कापायची. ते काम तिने घरीच मागून घेतलं आणि पुढच्या खोलीत मोठं टेबल टाकलं. पण बोलणं म्हणजे मोजून मापून. जेवण झालं का, गॅस संपलाय, एवढंच. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी पोर घरात वावरायची, अर्धी झाली होती. आणि एक दिवस कात्री चालवता चालवता, वर न बघता म्हणाली, "आई, पुरे झालं आता. सोड ते काम."

त्यांनी मनाशी धरलं, हिला कळलंय. बापाने सकाळी दुखतंय म्हटलं आणि आईने पित्त म्हणून झोपवलं, हे हिला कुठून तरी कळलंय, आणि त्या हातांनी आता दुसऱ्या कुणाला हात लावू नये असं हिला वाटतंय. खरं तर ताईंनाही तसंच वाटत होतं. लोकांच्या घरातले दिवे सांभाळणारी बाई, आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार.

आता ॲम्ब्युलन्सवर काम करायच्या प्रमाणपत्राचं असं असतं, की ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं, नाहीतर रुग्णाला बोट लावता येत नाही. ताईंचं महिनाअखेर संपत होतं. नवं करायच्या वाटा तीन. पहिली, तीस तासांचा वर्ग आणि शेवटी छोटी परीक्षा. दुसरी, वर्ग नाही, सरळ परीक्षा, एकदाच, एक घाव दोन तुकडे. तिसरी, नाव स्थगित करून ठेवायचं. म्हणजे नाव यादीत राहतं, माणूस घरी राहतो, आणि हवं तेव्हा परत येतो म्हणतात. परत आलेला कुणी कुणाच्या पाहण्यात नव्हता. ते भिजत घोंगडंच. ताईंनी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि अर्ज ड्रायव्हरदादांच्या हाती दिला, ते ऑफिसकडे चाललेच होते.

दादांनी अर्ज वाचला, खिशातून पेन काढलं, खूण खोडली आणि दुसऱ्या चौकटीत केली. अकरा वर्षं ताईंची गाडी हाकून या माणसाला विचारायची सवय राहिली नव्हती.

"दादा, हे काय?"

"परीक्षा द्या."

"मला नाही द्यायची. माझ्याच्याने आता होत नाही."

"मग नापास व्हा की. नापास झालात तरी नाव स्थगितच होतं. फरक काय पडतो?"

"मग नापास व्हायला कशाला जाऊ?"

"माझ्यासाठी जा," दादा म्हणाले. "उद्या कुणी विचारलं, ताई कुठायत, तर नापास झाल्या म्हणून सांगता येईल. आपणहून गेल्या हे मला सांगवणार नाही."

या बोलण्यात शेंडा ना बुडखा, पण दादांचे डोळे भरले होते, म्हणून ताई गेल्या. नापास होऊन यायचं, हे मात्र पक्कं ठरवून गेल्या.

प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये चार टेबलं मांडली होती. पहिल्यापाशी जमिनीवर रबरी पुतळा. छाती दाबायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दोन इंच खोल. चुकीचं करायचं म्हणून ताई गुडघ्यांवर बसल्या. पण तळवा पुतळ्याच्या छातीवर टेकला आणि हात आपले चालू लागले. डोकं सांगत होतं उथळ दाब, हळू दाब. हात ऐकेनात. पुतळ्याच्या पोटातलं यंत्र दर दाबाला हिरवा दिवा लावत राहिलं. दुसऱ्या टेबलावर श्वासाची नळी होती, तिसऱ्यावर वाहतं रक्त थांबवायचं होतं. तिथेही तीच गत. इतक्या वर्षांची सवय अशी एका सकाळीत सांगून सुटत नाही.

चौथं टेबल केसचं. तिथे खरा माणूस रुग्ण होऊन खाटेवर पडतो आणि परीक्षार्थीने त्याला प्रश्न विचारून, तपासून, काय करणार ते सांगायचं आणि करून दाखवायचं. रुग्ण म्हणून एक निवृत्त ग्रंथपाल आले होते. दर परीक्षेला हौसेने यायचे, आणि कण्हण्यात इतका जीव ओतायचे की परीक्षक बाईंना त्यांना आवरावं लागायचं. परीक्षक बाई पूर्वी अतिदक्षता विभागात सिस्टर होत्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक कार्ड ओढलं.

"या केस खऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीच्या गाड्यांच्या नोंदींतून घेतल्यात. नाव, पत्ता काढलाय. रुग्णाचे शब्द मात्र नोंदीत होते तसेच ठेवलेत."

ताईंना ते नवीन नव्हतं. नोंदीच्या कागदावर एक रकाना असतोच, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत. तिथे पदरचं काही घालायचं नाही, रुग्ण बोलला तसं लिहायचं, असं त्यांनीच कितीतरी नव्या मुलींना शिकवलं होतं.

"पुरुष, वय सत्तावन्न," बाईंनी वाचलं. "दुपारी एक सव्वीसला कॉल. घरी एकटे. करा सुरू."

सत्तावन्न वयाचे पुरुष शहरात ढिगाने असतात. ताई खाटेशी गेल्या. "काय होतंय तुम्हाला?"

बाईंकडून कार्ड घेऊन ग्रंथपालांनी ते कण्हत डोळ्यांसमोर धरलं. "जबडा दुखतोय. छातीत जळजळ."

"कधीपासून?"

"सकाळपासून. आमच्या फौजदारीणबाईंनी नाडी धरली. पित्त म्हणाल्या."

ताई उभ्या होत्या तशाच राहिल्या. नवऱ्याचे शेवटचे शब्द एका परक्या माणसाच्या तोंडून, हौशी कण्हण्यासकट, त्यांच्या कानावर येत होते. त्यांना वाटलं, या माणसाच्या हातातून कार्ड हिसकावून घ्यावं, आणि वाटलं, याने थांबू नये.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"मग लेकीला फोन केला," ग्रंथपाल वाचत होते. "म्हटलं दुखतंय, आई पित्त म्हणते, डॉक्टरकडे जाऊ का? ती म्हणाली, आईने बघितलंय ना, मग पित्तच असेल, झोपा." त्यांनी कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "पोरीला काही बोलू नका हं. तिने आईचंच ऐकलं."

परीक्षक बाई घड्याळाकडे बघत होत्या. ताई लेकीकडे बघत होत्या. टेबलाशी वाकलेली, अर्धी झालेली, वर न बघता कात्री चालवणारी लेक त्यांना दिसत होती. आठ महिने एका छताखाली राहून आपण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ उलटाच लावला, हे त्यांना आता कळलं. पोर आईला दोष देत नव्हती. पोर स्वतःला खात होती, आणि ते आईपासून लपवत होती.

"ताई, वेळ चाललाय," परीक्षक बाई म्हणाल्या.

आणि मग ताईंनी जे करायला हवं होतं ते सगळं केलं. खाटेवरच्या माणसाला अर्धवट बसवलं, ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली, छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या, पट्टी वाचली, हृदयाची सोय असलेल्या हॉस्पिटलला फोन लावून सांगितलं की येतोय, तयार राहा. सगळं साडेआठ मिनिटांत. खाटेवरचा माणूस वाचला. घरचा राहिला नाही, आणि त्यालाही एवढीच साडेआठ मिनिटं हवी होती, हा विचार ताईंना त्या हॉलमध्ये कापत गेला.

"छान," बाईंनी खूण केली. "शेवटचा प्रश्न. तुम्ही पोचायच्या आधी काय चुकलं, असं वाटतं?"

"घरात जाणकार माणूस होतं," ताई म्हणाल्या. "म्हणून बाकी कुणी स्वतःचं डोकं चालवलं नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं, आणि पास म्हणून सही केली.

दुपारी ताई घरी आल्या तेव्हा लेक टेबलावर बाहीचा साचा कापत होती. ताईंनी पिशवी खाली ठेवली नाही, पाणीही घेतलं नाही.

"बाबांनी त्या दिवशी तुला फोन केला होता."

कात्री थांबली. "कुणी सांगितलं?"

"गाडीवाल्यांच्या नोंदीत होतं. आज परीक्षेत तीच केस आली."

"म्हणून तर म्हणत होते, सोड ते काम," लेक म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मला वाटायचं, आज ना उद्या कुठल्या तरी कागदात तू ते वाचशील. कारखान्यात मशीन चालू होतं गं, आई. धड ऐकूही येत नव्हतं. त्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं आणि मी फोन ठेवला."

"नाडी मी धरली होती," ताई म्हणाल्या. "त्याच सकाळी. पित्त म्हणून मीच सांगितलं. तू माझ्या शब्दावर गेलीस. आणि बाबांनी गाडीवाल्यांना सांगून ठेवलं होतं, पोरीला काही बोलू नका."

लेक खुर्चीत बसली आणि लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून रडली. ताईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. त्याही रडल्या. आठ महिन्यांत या घरात दोघी एका वेळी कधी रडल्या नव्हत्या, आपापल्या खोलीत, दार लावून, एकमेकींना ऐकू न देता रडल्या होत्या.

बऱ्याच वेळाने लेकीने बाहीने नाक पुसलं. "पास झालीस?"

"झाले."

"म्हणजे जाणार परत."

"जाईन म्हणते."

लेकीने मान हलवली. नको म्हणाली नाही. साच्याचा एक कपटा बोटाने सरळ करत राहिली, आणि मग, राग नाही, टोमणा नाही, खरोखर विचारायचं म्हणून तिने विचारलं, "आई, उद्या मला काही दुखलं, तर मी कुणाला विचारू?"

आजवर या प्रश्नाचं उत्तर या घरात कुणाला द्यावंच लागलं नव्हतं.

"मलाच विचार," त्या म्हणाल्या. "आणि मी 'काही होत नाही' म्हटलं, तर माझं ऐकू नकोस."