ती म्हणाली, मी गोळी दिली

गुरुवारी दुपारी नोटीस आली तेव्हा सिस्टर सातव्या खाटेच्या पेशंटचं सलाईन बदलत होती. ऑफिसच्या कारकुनाने सही घेतली, कागद तिच्या हातात दिला आणि तो जिन्याकडे वळला. मजकूर दोन परिच्छेदांचा आणि सगळा इंग्रजीत. पहिल्यांदा वाचताना तिला स्वतःचं नाव, ‘टॅब्लेट’ आणि ‘सेकंड’ एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अर्थ लागला.

चौथ्या खाटेवरच्या आजोबांना मंगळवारी सकाळी रक्तदाबाची गोळी दोनदा दिली गेली, ती सिस्टरने दिली, आणि हे तिच्याच रिपोर्टवरून दिसतं, अशी आजोबांच्या मुलाची तक्रार होती. शनिवारी अकरा वाजता मेट्रनच्या खोलीत चौकशी.

“माझ्याच रिपोर्टवरून?” ती पुटपुटली.

मंगळवार तिला मिनिटामिनिटाने आठवत होता. आठ वाजून दहा मिनिटांनी तिने आजोबांना गोळी दिली, पाणी पाजलं, चार्टवर सही केली. सव्वानऊला आजोबांची मुलगी धावत आली. चाळिशी ओलांडलेली, कायम खांद्याला पर्स अडकवलेली बाई. आठ दिवस वडिलांच्या उशाशी बसून होती. “सिस्टर, मी बाबांना गोळी दिली. घरची होती पर्समध्ये. मी आठला खाली चहाला गेले होते, मला वाटलं, आज तुम्ही विसरलात.” सिस्टरने हातातलं सगळं टाकून रक्तदाब पाहिला. थोड्याच वेळात तो झरझर उतरू लागला. डॉक्टरांना बोलावलं, आजोबांचे पाय वर घेतले, सलाईन लावलं. दुपारपर्यंत आजोबा सावरले. तरी खबरदारी म्हणून डॉक्टरांनी त्यांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं.

मग ती रिपोर्ट लिहायला बसली. लवकरच हॉस्पिटलची मोठी तपासणी होणार होती, म्हणून महिनाभरापासून सगळे रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे असा हुकूम निघाला होता. औषधांची नावं, मापं, वेळा तिला झोपेतही पाठ. पण वाक्य जुळवायचं म्हटलं की तिच्या पेनातली शाई वाळायची. एकेक शब्द मनात आपल्या भाषेत म्हणून तिने तो इंग्रजीत उतरवला होता.

संध्याकाळी सगळ्यांची नजर चुकवून तिने कपाटातून फाईल काढली आणि तो कागद वाचला. ‘डॉटर केम अँड सेड दॅट आय गेव्ह टॅब्लेट.’ मुलगी आली आणि म्हणाली की मी गोळी दिली. बरोबर तर होतं! यात चूक कुठे? तिने पुन्हा वाचलं. दहा वेळा वाचलं. दहाही वेळा ते बरोबरच निघालं, कारण दहाही वेळा ती ते आपल्याच भाषेत वाचत होती.

घरी जाताना तिला वेगळीच धास्ती वाटू लागली. मुलाने उगाच का लिहिलं असेल? मीच तर नाही ना दिली पुन्हा? त्या सकाळी तीन नवे पेशंट आले होते, फोन खणखणत होता. बसमध्ये ती आपल्याच हातांकडे संशयाने बघत राहिली.

घरात एक माणूस असं होतं, ज्याला तो कागद दाखवून एका मिनिटात उलगडा झाला असता. पण तिथेच घोडं अडत होतं. तिच्या सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सिस्टरने ड्युटीवर जाताना चार ओळींची इंग्रजी चिठ्ठी फ्रिजवर लावली होती. संध्याकाळी आली तेव्हा चिठ्ठी तिथेच होती, फक्त लाल शाईने रंगलेली. त्यानंतर बारा वर्षांत तिने त्या घरात इंग्रजीचं अक्षर लिहिलं नव्हतं. नवरा नोकरीसाठी परगावी. महिन्यातून दोनदा यायचा. फोनवर त्याला सांगावं तर तो म्हणाला असता, आईला दाखव.

शुक्रवारी संध्याकाळी भाजीत दुसऱ्यांदा मीठ पडलं नाही, तेव्हा सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

“काय झालंय?”

“काही नाही, आई.”

“दोन दिवस तू माझ्याकडे बघत नाहीयेस. घरात दोनच माणसं आहोत. काय झालंय?”

सिस्टरने पिशवीतून नोटीस काढली. तिच्याखाली, वहीच्या पानावर उतरवून आणलेला रिपोर्ट. सासूबाईंनी चष्मा लावला. सवयीने त्यांचा हात लाल पेनाकडे गेला, पण सुनेचा चेहरा पाहून त्यांनी तो मागे घेतला.

“दुसरी गोळी तू दिलीस?”

“नाही हो. त्यांच्या मुलीने दिली. तिनेच येऊन सांगितलं.”

“मग ‘मी दिली’ असं का लिहिलंस?”

“कुठे लिहिलं?”

“हे काय. सेड दॅट आय गेव्ह. हा ‘आय’ कोण?”

“ती मुलगी! तीच म्हणाली ना, मी दिली म्हणून.”

सासूबाईंनी चष्मा काढला. “अगं, आपण बोलताना दुसऱ्याचा ‘मी’ आहे तसा उचलून आणतो. ‘ती म्हणाली मी येते’ म्हटलं की कोण येणार ते सगळ्यांना कळतं. इंग्रजीत तसं चालत नाही. तिचे शब्द अवतरण चिन्हात घातले असतेस तर गोष्ट वेगळी. पण ‘दॅट’ लिहून तू तिचं बोलणं स्वतःच्या तोंडून सांगायला घेतलंस. तिथे ‘आय’ म्हणजे लिहिणारी. म्हणजे तू.”

सिस्टरने कागद परत स्वतःकडे ओढला. “म्हणजे मीच लिहून दिलं की मी दिली?”

“सहीनिशी. तिथे ‘शी’ हवं होतं. आणि ‘गेव्ह’ नाही, ‘हॅड गिव्हन’. कारण ती आधी देऊन बसली आणि मग सांगायला आली. आता दुसरं बघ. ‘टॅब्लेट’च्या आधी काहीच नाही. ‘द’ असता तर वर सांगितलेली तीच, आठची गोळी. ‘अ’ असता तर आणखी एक कुठलीशी. तू दोन्ही खाऊन टाकलेस. मग वाचणाऱ्याने हवं ते घातलं.”

“एवढ्याशा ‘अ’वरून माझी नोकरी जाणार?”

“जाऊ द्यायची नाही म्हणून तर आपण बसलोय. पेन घे.”

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने ते वाक्य सात वेळा लिहिलं. सातव्यांदा काहीच चुकलं नाही, पण तिचा हात थांबला.

“आई, हे दुरुस्त केलं की ती बाई अडकेल. भावानेच तक्रार केलीय.”

“ते मला विचारू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “मी फक्त इंग्रजी शिकवलं.”

शनिवारी दहा वाजताच सिस्टर वरच्या मजल्यावर गेली. मुलगी बाकावर बसली होती, पर्स मांडीवर. सिस्टरला बघताच ती उठली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले.

“सिस्टर, तुमचे उपकार मी कसे फेडू?”

“कसले उपकार?”

“भाऊ त्या कागदाचा फोटो घेऊन आला. वाचून दाखवला मला. मी तर गारच पडले. म्हटलं, या बाईने माझ्यासाठी सगळं स्वतःवर घेतलं! त्याच्यापुढे तोंड उघडायचा धीर झाला नाही मला. आधीच तो म्हणतो, बाबांची हेळसांड मीच केली.”

तीन दिवस सिस्टर या बाईवर मनातल्या मनात चडफडत होती, आणि ही तिला देवमाणूस समजून बसली होती. क्षणभर वाटलं, राहू दे तो गैरसमज. मग नोकरी आणि घराचा खर्च डोळ्यांसमोर आला.

“ताई, मी काहीही स्वतःवर घेतलं नाही,” ती म्हणाली. “मला इंग्रजी येत नाही. चुकून लिहिलं गेलं. आता मी खरं लिहिणार आहे. तुम्हाला आधी सांगायला आले.”

मुलीने हात सोडले. तिचा चेहरा उतरला. ती पुन्हा बाकावर बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. सिस्टर दोन मिनिटं उभी राहिली आणि खाली आली.

मेट्रनच्या खोलीत चौघे होते: मेट्रन, डॉक्टर, व्यवस्थापक आणि तक्रार करणारा मुलगा, हातात फोन घट्ट धरून. सिस्टरने नवा कागद पुढे केला. ‘द डॉटर सेड दॅट शी हॅड गिव्हन हिम अ टॅब्लेट.’

व्यवस्थापकाने तो वाचला आणि भुवया चढवल्या. “आधी ‘आय’, आज ‘शी’? नोटीस आल्यावर? आणि ही ‘शी’ तरी कोण? उद्या म्हणाल, मेट्रन.”

सिस्टरचे कान तापले. एवढं गिरवून आणलेलं वाक्य, आणि तेही कुणाला पुरेना. “सर, ती म्हणजे मुलगी. ती मला म्हणाली, मी गोळी...” पुढे तिची बोबडीच वळली. ‘मी’ म्हटल्याबरोबर मुलाने झटकन वर पाहिलं होतं.

“बघा, आत्ताही ती स्वतःच म्हणतेय!” तो म्हणाला.

दार न वाजवताच उघडलं. मुलगी आत आली, पण उंबरठ्याजवळच थांबली.

“मी दिली,” ती म्हणाली. “सिस्टरने नाही. मी. माझ्या पर्समधली. आणि लगेच जाऊन त्यांना सांगितलं, म्हणून बाबा आहेत.”

डॉक्टरांनी मान डोलावली. “रक्तदाब उतरायला लागल्यालागल्या मला फोन आला होता. उशीर झाला असता तर कठीण होतं.”

मुलगा बहिणीकडे वळला. “मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे? तू कागद वाचलास.”

तो खुर्चीवरून उठला आणि बाहेर गेला. तक्रार त्याने सोमवारी मागे घेतली. बहिणीशी बोलायला मात्र त्याला पुढे किती दिवस लागले, ते सिस्टरला कधी कळलं नाही.

तिच्यावरचा ठपका निघाला, पण अर्धाच. रिपोर्ट चुकीचा लिहिला म्हणून लेखी समज मिळाली. नातेवाईक जे सांगतील ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि खाली त्यांची सही घ्यायची, असा नियम मेट्रनने त्याच दिवशी काढला. व्यवस्थापक कुरकुरला, तपासणीवाल्यांना ते कसं वाचता येणार? “त्यांनी शिकून यावं,” मेट्रन म्हणाली.

सिस्टर वॉर्डात परतली तेव्हा बाराच्या औषधांची वेळ झाली होती. ट्रे हातात घेतला, पहिलीच गोळी चार्टशी तीनदा ताडून पाहिली, तरी खात्री वाटेना. तिने दुसऱ्या सिस्टरला हाक मारली.

“जरा माझ्याबरोबर चल. मी देईन, तू फक्त बघ.”

पुढचा आठवडाभर ती एकटीने कुणालाही गोळी देऊ शकली नाही.