खोडलेली चाल

घोडा अडीच घरं चालतो हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी नीट कळलं. त्याच्या कितीतरी आधी, सलग दहा वर्षं, मी माझ्या पोरीला बुद्धिबळावरून झापत होतो. हसा, हसण्यासारखंच आहे.

मी शिंपी. पँटी शिवतो. पोरगी सहा वर्षांची असताना तिच्या शाळेतले सर म्हणाले, हिचं डोकं या खेळात भारी चालतं. झालं, माझ्या अंगात आलं. तेव्हापासून ती सोळा वर्षांची होईपर्यंत एक स्पर्धा सोडली नाही. आईबापांना हॉलमध्ये बसू देत नसत. मी बाहेर बाकावर बसायचो आणि ती दारात दिसली की एकच विचारायचो, "जिंकलीस की हरलीस?" जिंकली तर पुढच्या डावाची काळजी. हरली तर घरी पोचेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू. लक्ष कुठे होतं? डोक्यात भुसा भरलाय का? एकदा बसमध्ये सगळ्यांदेखत रडवलं तिला. नेमकं काय चुकलं हे मला कुठे कळत होतं! माझी उडी पँट कुठे फसली ते सांगण्यापर्यंतच. पण रागवायला खेळ कळावा लागत नाही, बाप असलं की भागतं.

शेवटची स्पर्धा निवडीची होती. शेवटचा डाव जिंकली असती तर संघात गेली असती, मग वर्षभर शिबिरं, दौरे, आणि तिच्याबरोबर मी. दुकान बंद ठेवायची पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. ती हरली. हॉलच्या पायऱ्यांवर, बाकीच्या पोरांसमोर, मी म्हणालो, "मला तोंड दाखवू नकोस." सरांची शिकवणी त्याच दिवशी तोडली. त्यांना तो डाव दाखवलासुद्धा नाही, इतकी लाज वाटली मला.

ती पुन्हा पटाला शिवली नाही. अठराव्या वर्षी दुसऱ्या शहरात शिकायला गेली ती गेलीच. आता एकोणतीस वर्षांची आहे, इस्पितळात एक्स-रे काढते. दर रविवारी दुपारी आईला फोन करते. चुकून मी उचलला तर म्हणते, "आईला द्या." बाकी एक अक्षर नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग अडीच वर्षांपूर्वी मला एक खूळ सुचलं. खेळ शिकायचा. चांगला शिकायचा. आणि एके दिवशी तिला म्हणायचं, माझ्याशी एक डाव खेळशील का? समोरासमोर बसून बोलता आलं नाही तर निदान चाली तरी करू.

बायको कणीक मळत होती. म्हणाली, "आता? तिला हवं होतं तेव्हा काय झोपला होता?" आणि परातीकडे बघत राहिली. तिचं बरोबर होतं.

वाचनालयाच्या माडीवर रविवारी सकाळी चारसहा म्हातारे खेळतात. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर भेटले. ते पोस्टमास्तर, मी टेलरमास्तर. माडीवर "मास्तर" अशी हाक आली की दोघंही वळायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला नऊ चालींत मारलं. पुढच्या रविवारी सात.

"प्रगती आहे," ते म्हणाले. "उलटी आहे, पण आहे."

भला माणूस. शिकवायची पद्धत मात्र खडूस. चाल करायची घाई केली की माझ्या बोटांवर पेन्सिल मारायचे. "हात मांडीखाली घ्या, मास्तर. समोरच्याला काय हवंय ते आधी बघा. तुम्ही फक्त तुम्हाला काय हवंय तेच बघता." असं पन्नासदा तरी म्हणाले असतील. मी पन्नासदा विसरलो. सहा महिने मी वजीर असा फुकट द्यायचो की समोरचे म्हातारे कंटाळून परत करायचे. घरी आलो की वाटायचं, गेलं सगळं वाया, या वयात डोक्यात काही शिरत नाही. तरी पुन्हा जायचो. इस्त्री तापेपर्यंत एक कोडं सोडवायचं, काजं करून झाली की दुसरं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं आणि मी कंबर मोजायची सोडून दोन चालींतली मात शोधतोय. एकाची पँट तीन इंच आखूड झाली.

पण हळूहळू दिसायला लागलं. दीड वर्षाने मी पोस्टमास्तरांशी बरोबरी साधली. त्या दिवशी ते म्हणाले, "आता दुसऱ्यांचे डाव खेळून बघा. चांगल्या माणसाचे घ्या."

माझ्याकडे चांगल्या माणसाचे डाव होतेच की! स्पर्धेत प्रत्येक खेळाडू आपल्या चाली कागदावर लिहितो. पोरीचे ते सगळे कागद मी फायलीत लावून ठेवले होते. दोनशे चौदा. एकही कधी वाचता आला नव्हता. वर लाल शाईने मी तेवढं लिहिलेलं, जिंकली, हरली, हरली, जिंकली.

दुपारी दुकान मिटून मी कापायच्या टेबलावर पट मांडला आणि पहिल्यापासून तिचे डाव खेळायला लागलो. काय सांगू तुम्हाला! नऊ वर्षांची पोर ती, एक प्यादं देऊन टाकते आणि बारा चालींनी समोरच्याचा हत्ती घेते. मी टेबलावर हात आपटून एकटाच ओरडलो, "अगं बाई गं!" ज्या डावासाठी बसमध्ये रडवलं होतं तोही सापडला. हरली होती खरी, पण तिच्याहून पाच वर्षांनी मोठ्या मुलाशी चार तास झुंजली होती, आणि असा काही बचाव केला होता की मी उठून उभा राहिलो. वर लाल शाईत "हरली", खाली दोन रेघा. माझ्याच हातच्या.

जवळपास वर्ष लागलं. शेवटचा डाव उरला.

अठ्ठाविसाव्या चालीला मी थांबलो. पांढरी मोहरी तिची. काळा राजा कोपऱ्यात कोंडलेला. वजीर द्यायचा, राजाला तो मारावाच लागतो, मग हत्ती आणायचा की मात. दोन चाली. मला दिसलं, म्हणजे कुणालाही दिसलं असतं. आणि कागदावर अठ्ठाविसाव्या घरात तीच चाल लिहिलेली होती, वजिराची. तिच्यावर एक रेघ. शेजारी, पटाच्या पार दुसऱ्या टोकाचं एक प्यादं पुढे ढकललेलं. त्या चालीच्या बाजूला तिने घड्याळातला वेळ टिपला होता. एकेचाळीस मिनिटं विचार केला होता तिने.

मला वाटलं, त्या चालीत खोट असणार. म्हणूनच तिने खोडली. असणारच. मी काळ्याच्या बाजूने जाऊन बसलो. तीन दिवस. तो राजा कुठून तरी निसटला पाहिजे, मधे कुणीतरी आडवं आलं पाहिजे, उंट, वजीर, काहीही. मी देवाला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. काळा राजा वाचला तर मीही वाचलो, असं झालं होतं मला. नाही वाचला.

पुढच्या चाली बघितल्या. एकही ढोबळ चूक नाही. प्रत्येक चाल जराशी वाईट, कुणाला संशय येणार नाही इतकीच. अशा सतरा.

रविवारी कागद पोस्टमास्तरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"दिसलं होतं तिला," ते म्हणाले.

"खोडलंय पण. घाबरली असेल. गोंधळली असेल."

"मास्तर, ही रेघ बघा तुम्हीच."

बघायची काय होती! चाळीस वर्षं मी कापडावर खडूने रेघा मारतोय. मन ठरलेलं नसलं की रेघ कशी चाचपडते ते मला माहीत आहे. ही पट्टी लावल्यागत सरळ होती. जिंकली असती तर माझ्याबरोबर आणखी किती वर्षं काढावी लागली असती, याचा हिशेब सोळा वर्षांच्या पोरीने एकेचाळीस मिनिटं बसून केला होता. पोस्टमास्तरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

दुपारी फोन वाजला. मी मुद्दाम उचलला.

"आईला द्या."

"एक मिनिट थांब. मी बुद्धिबळ शिकलो."

ती म्हणाली, "तुम्ही?"

"अडीच वर्षं झाली. तुझे सगळे डाव खेळून बघितले. दोनशे चौदा."

"सगळे?"

"शेवटचासुद्धा. वजीर द्यायचा होतास. लिहिलंही होतंस."

"हो."

"मग का नाही दिलास?" कारण ठाऊक असून मी विचारलं. तिने खोटं बोलावं, एवढीच आशा होती.

"तो कागद तुमच्या हातात दिला तेव्हा," ती म्हणाली, "वाटलं, आता खोडलेलं वाचणार आणि इथेच मारणार मला. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघितलात. आणि म्हणालात, अक्षर किती घाण आहे तुझं."

मला हे आठवतही नव्हतं.

"तेव्हा कळलं मला, यांना यातलं काहीच कळत नाही. दहा वर्षं मी उगाचच घाबरत होते."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फार चुकलं गं. मी शिकलो तो तुझ्यासाठीच. एक डाव खेळशील माझ्याशी? फोनवर चाली सांगू. महिन्याला एक चाल केलीस तरी चालेल."

"नको, बाबा."

किती वर्षांनी बाबा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आणखी विनवण्या केल्या असत्या.

"दोनशे चौदातला तो एक डाव मी माझ्या मनाने खेळले," ती म्हणाली. "कुणालाच माहीत नव्हता. तेवढा एक माझा होता. आता तोही तुम्ही तपासलात."

बायको दारात पदराला हात पुसत उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला आणि दुकानात जाऊन बसलो.