हात वर होईपर्यंत

निंदा करण्याचा अधिकार रसिकाला आहे. तो नसता तर त्याच्या स्तुतीलाही मोल उरले नसते. परंतु ज्याच्या कृतीला आपण चारचौघांत नावे ठेवली, त्याची कृती घडताना एकदा तरी समोर उभे राहून पाहावी, एवढे बंधन त्या अधिकारासोबत येते. बहुतेकांना ते उशिरा कळते, काहींना कळतच नाही. समीक्षक बाईंना ते लिहू लागल्यानंतर बाविसाव्या वर्षी कळले, आणि तेही पोटच्या पोरीमुळे.

बाई एका दैनिकात दर शुक्रवारी चित्रपटांचे परीक्षण लिहीत. ज्या दिग्दर्शकाचा येथे विषय आहे, तो प्रचंड खर्चाचे मारधाडीचे चित्रपट करी. त्याच्या चित्रपटांत पूल कोसळत, मनोरे आडवे होत, आगगाड्या नदीत जात. प्रेक्षक रांगा लावीत आणि जाणकार नाके मुरडीत. त्याच्या पहिल्याच चित्रपटावर लिहिताना बाईंनी त्याला ‘धुराळाकार’ म्हटले, आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले. त्याच्या पुढच्या चित्रपटांपासून त्यांचा दुसरा आक्षेप त्याच्या कात्रीवर होता. माणूस उंचावरून पडतो, धूळ खाली बसते, प्रसंग संपतो, तरी चित्र पुढे सरकत नाही. पडलेला मनुष्य हात वर करीपर्यंत कॅमेरा आपला त्याच्याकडे बघत बसतो. ‘संकलकाचा डोळा लागला असावा,’ असे बाईंनी लिहिले होते. हे वाक्य पुढे इतक्या जणांनी उचलले की ते मूळचे कोणाचे, याचा विसर पडला.

बाईंची मुलगी अंगाने बारीक आणि पायाने चपळ, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. चार वर्षे ती चित्रपटांत नायिकांच्या ऐवजी उंचावरून पडण्याचे काम करीत होती. नातेवाइकांना बाई सांगत, ‘ती व्यायाम शिकवते.’

एके दिवशी सकाळच्या चहाला चिमणी म्हणाली, “आई, उद्या माझी मोठी उडी आहे. सहाव्या मजल्यावरून.”

“कोणाच्या सिनेमात?”

“तुझ्या धुराळाकाराच्या. त्याचा शेवटचा आहे.”

बाईंनी कप खाली ठेवला. “आणि हे तू मला आज सांगतेस?”

“महिनाभर आधी सांगितलं असतं तर महिनाभर तुझ्या डोळ्याला डोळा लागला नसता. तुला त्याच्यावर पानभर लिहायचंय ना? ये बघायला. मग काय हवं ते लिही.”

त्या लेखाची सुरुवात बाईंनी आधीच करून ठेवली होती. तिच्यात धुराळा दोनदा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई त्या जागी पोचल्या. बंद पडलेल्या कारखान्याची ती इमारत होती. सहाव्या मजल्यावरची एक खिडकी चौकटीसकट काढलेली होती आणि तिच्या खाली अंगणाएवढी हवेची गादी फुगवून ठेवली होती. गादीच्या मधोमध सुती टोपी घातलेला एक वाळका म्हातारा उताणा पडून आकाशाकडे पाहत होता.

“हे कोण? बरं नाही का त्यांना?” बाईंनी विचारले.

“बरं आहे की. दिग्दर्शक आहेत आमचे,” बाजूने आवाज आला. चाकाच्या खुर्चीत बसलेला, रुंद खांद्यांचा एक मनुष्य हसत होता. चिमणीने सांगितलेले साहसदृश्यांचे मास्तर ते हेच. “पोर जिथं पडणार, तिथं आधी स्वतः झोपून बघतात. कुठून पडली आणि कुठं आली, हे बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे, असा हट्ट. तुकडे जोडून फसवायचं नाही.”

बाईंना त्याचे चित्रपट आठवले. कोसळणाऱ्या पुलावरही कोण कोठे उभा आहे, हे त्यांना कधी शोधावे लागले नव्हते. हे त्यांनी कधी लिहिलेही नव्हते.

कोपऱ्यात धूळ उडवणारा एक मोठा पंखा उभा होता. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरे होती: धुराळाकार.

“तुमचीच कृपा, बाई,” मास्तर म्हणाले. “बारसं तुम्ही केलंत, आम्ही नुसता रंग दिला.”

बाईंनी मान वळवली. आपल्याला येथे सगळे ओळखतात, हे त्यांच्या ध्यानात आले.

गादीजवळच्या काठीला एक तांबडी फीत बांधलेली होती. ती आडवी फडफडत होती. सहाव्या मजल्यावर खिडकीच्या कडेशी चिमणी उभी होती. खालून ती बोटाएवढी दिसत होती.

निर्माते घड्याळ पाहत आले. “साहेब, अर्ध्या तासात ऊन जाईल. उद्यापासून ही जागा आपली नाही.”

“फीत खाली येऊ दे,” दिग्दर्शक गादीवरून उतरत म्हणाले.

“वारा काय, कधीही सुटतो, कधीही पडतो!”

“म्हणूनच.”

“आज झालं नाही, तर उरलेला सिनेमा मी दुसऱ्याकडून करून घेईन. तुमचं नावसुद्धा राहणार नाही. हे मी तोंडी नाही, लेखी देतो.”

“द्या. तोवर फितीकडे बघू.”

दिग्दर्शकांच्या हातातल्या बिनतारी यंत्रातून चिमणीचा आवाज खरखरला, “सर, मी तयार आहे. वारा एवढा काही नाही.”

“चिमणे, पडायचं काम तुझं. थांबायचं माझं. बस खाली.”

बाईंनी वर खिडकीकडे पाहिले. ऊन जावे आणि हे सारे आज मोडीत निघावे, असे त्यांना क्षणभर वाटले. दुसऱ्याच क्षणी उमगले, की निर्मात्याचे ऐकून वाऱ्यातच उडी झाली, तर मोडायची ती पोरगी. ज्या मनुष्याला बावीस वर्षे त्यांनी उतावळा आणि उधळ्या ठरवले होते, तोच आता वारा आणि लेक यांच्यामध्ये उभा होता.

“मास्तर,” त्यांनी हळूच विचारले, “पडल्यावर काय असतं?”

मास्तरांनी आपल्या निश्चल पायांवरची चादर सारखी केली. “पडल्यावर कोणी हलायचं नाही. ती हात वर करेपर्यंत कोणी बोलायचं नाही, टाळी नाही, काही नाही. मी दहा मोजतो. दहाला हात आला नाही, तर डॉक्टर जातात, एकटेच. ‘कट’ मी म्हणतो, दिग्दर्शक नाही.”

“का?”

“यांचा पहिला सिनेमा होता. मी चौथ्या मजल्यावरून पडलो, उडी झकास झाली. सगळे आनंदानं गादीवर धावत आले, मला उचललं आणि खांद्यावर घेऊन नाचले. सगळ्यात पुढं हेच. पाठीला नुसती चीर गेली होती हो. नाचण्यात मोडली.” ते थोडे हसले. “माझा जयजयकार इतका कधी झाला नव्हता.”

बाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिले.

“तेव्हापासून हा नियम. पण नियम निर्माते पाळतात थोडाच! त्यांना पुढच्या शॉटची घाई. जेवढं सिनेमात लागतं, तेवढ्यापुरतंच ते थांबू देतात. म्हणून यांनी ते थांबणंच सिनेमात घातलं. पडलेला माणूस हात वर करतो, ते कापायचंच नाही. मग वाट बघावीच लागते.” मास्तरांनी मान खाली घातली. “फक्त दरवेळी एक अडचण येते. प्रत्येक नवा निर्माता एक कात्रण घेऊन येतो. म्हणतो, हे बघा, जाणकारसुद्धा लिहितात, संकलकाचा डोळा लागला म्हणून. काढून टाका.”

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आपले ते वाक्य लिहिताना आपण स्वतःशी हसलो होतो, हे त्यांना आठवले.

त्याच वेळी फडफड थांबली. फीत काठीला लागून सरळ लोंबू लागली. दिग्दर्शकांनी तिच्याकडे पाहिले, आणखी थोडे पाहिले, आणि बोट उचलले.

मास्तरांनी आरोळी दिली.

पंखा घोंघावला. खिडकीमागची खोटी भिंत फुटली आणि विटांच्या भुकटीतून चिमणी बाहेर आली. पाठीवर, हात पसरून, ती मजल्यामागून मजला ओलांडत खाली येत होती, आणि बाईंना तिचा प्रत्येक मजला दिसला. मग गादीचा एकच दबका आवाज झाला आणि सगळे पांढरे झाले.

पंखा बंद पडला. धूळ उतरू लागली. पन्नास माणसे होती, पण खोकलाही ऐकू येईना.

मास्तरांचे बोट खुर्चीच्या दांड्यावर पडू लागले. एक. दोन.

धुळीतून चिमणीचा बूट दिसला. तो हलत नव्हता.

तीन. बाईंचे पाऊल आपोआप पुढे पडले. मास्तरांनी त्यांचे मनगट पकडले आणि मान हलवली. चार. पाच. डॉक्टर पेटी घेऊन उठले होते. दिग्दर्शकांनी टोपी काढून छातीशी धरली होती. त्यांचे ओठ हलत होते, ते पण मोजत होते.

सहा.

ह्याच क्षणांना आपण लांबण म्हटले होते, हे बाईंना कळले. आणि त्यांतला एकही क्षण घाईने कोणी ओलांडू नये, म्हणून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

सात. धुळीतून एक हातमोजा वर आला.

“कट!” मास्तर ओरडले, आणि मग कोठे टाळ्या पडल्या. तरीही गादीवर कोणी चढले नाही. डॉक्टरांनी तपासून मान डोलावली, तेव्हा चिमणी स्वतःच कडेपर्यंत सरपटत आली.

“आई गं! श्वासच अडकला होता,” ती म्हणाली. “हात उचलायलाही जीव नव्हता. तू रडतेस का?”

“धूळ गेली डोळ्यात.”

“तुझ्याच पंख्याची.”

निर्माते आनंदाने हात चोळत आले. “झकास! आता शेवटची ती सात सेकंदं तेवढी कापू. बाई, तुम्ही आयत्या आलात, तुम्हीच सांगा यांना. लिहिलंय की तुम्ही!”

“लिहिलं होतं,” बाई म्हणाल्या. “न बघता लिहिलं होतं. ते वाक्य मी मागे घेते, आणि येत्या शुक्रवारी तसं छापते. यापुढे ते कात्रण कोणाला दाखवू नका.”

मग त्या दिग्दर्शकांकडे वळल्या. “तुमच्या कथा मात्र पोकळच असतात.”

“असतात,” दिग्दर्शक टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले. “कथा मला कधी जमलीच नाही, बाई. माणूस पडतो आणि पुन्हा उठतो, एवढंच दाखवता येतं. ते नीट दिसावं, इतकीच धडपड.”

“ते नीट दिसतं,” बाई म्हणाल्या. “हेही छापते.”

शुक्रवारी लेख आला. त्यात पोकळ कथांचा उल्लेख होता, धुराळा एकदाच होता, आणि पहिल्या परिच्छेदात एका लेकीच्या आईने सात आकडे मोजले होते. तो लेख मास्तरांनी पंख्याच्या पाठीवर, त्या पांढऱ्या अक्षरांखाली, डकवून टाकला.

उंचावरून स्वतःला सोडून देणाऱ्या सर्वांना खाली मऊ जागा लाभो. आणि त्यांच्याविषयी बोलणाऱ्या आपणा सर्वांना, त्यांचा हात वर होईपर्यंत, गप्प राहण्याचा धीर लाभो.