यंत्रात न लावलेला कागद

“हा यंत्रात लावला होता का?” प्रयोगशाळेतल्या अनिलकुमार सरांनी चिमट्यात कागद धरून विचारलं.

“न्हाय सर. कोरा नेला, कोरा आणला.”

कागद मात्र करडा होता. सलग तिसरा.

शाळेच्या गच्चीवरचं हवा मोजायचं केंद्र दानेश्वरी तेरा वर्षं सांभाळत होती. तिथला पंप चोवीस तास सोलापूरची हवा ओढून पांढऱ्या कागदातून गाळायचा. कागदाचं वजन जितकं वाढेल तितकी हवेत धूळ. सोबत एक कागद यंत्रात न लावता नुसता नेऊन आणायचा. तो जड झाला तर हाताळणीत चूक आहे हे कळतं. आपण चुकलो या विचारानं ती ओशाळली.

“हा रात्री कुठे असतो?”

“घरी. फळीवर, पाकीट उघडं ठिवून. ओल धरली की वजन वाढतंय, तुमीच सांगितलं की.”

“घरात कोण असतं?”

“मालक. त्यास्नी धाप लागती, तंबाखूनं.”

सरांनी करडा कागद पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग एक नवा कागद देऊन म्हणाले, “हा दिवसभर त्यांच्या उशाशी ठेवा.”



घरात पुढच्या खोलीत टॉवेलचा माग. तो आता पुतण्या अमरेश चालवायचा. मागच्या खोलीत नवऱ्याची, सिद्धप्पाची खाट. दानेश्वरी रोज दोनदा झाडायची, घर कसं लख्ख. पण त्या सकाळी उन्हाच्या तिरिपेत तिला कापसाची भुकटी दिसली. ती खाली बसतच नव्हती. सिद्धप्पाच्या तोंडाशी जायची, थबकायची आणि नाहीशी व्हायची.

“माग बंद ठिवू का आज?”

“मग कागद खोटं बोलंल की,” सिद्धप्पा हसला, खोकला. “चालू दे.”

तिनं कागद त्याच्या उशाशी ठेवला. “उडू देऊ नका. हात ठिवा.”

“ठिवतो की. जा तू.”

संध्याकाळी ती परतली तेव्हा माग खडखडत होता. “काका दुपारपास्नं झोपल्यात,” अमरेश म्हणाला.

सिद्धप्पाचा हात कागदावरच होता. तिनं तो उचलला. गार पडला होता. कागद करडा झालेला, मधोमध पाच बोटं आणि तळवा पांढरेशुभ्र. बोटं जराही हलली नव्हती.

अमरेशनं माग थांबवला. रडत रडत त्यानं कागद बाजूला सारायला हात पुढे केला, तर तिनं त्याचं मनगट धरलं. चिमट्यानं कागद पाकिटात सरकवला, पाकिटाचं तोंड नीट बंद केलं. सवयीनं तारीख घातली, वेळ घातली. ठिकाणाच्या रकान्यात तिनं सावकाश लिहिलं : आमचं घर.