टिप्याच्या पोटातली वाटी

"कुत्र्याचा फोटो काढायला बाराशे?" रामनाथ फोनवर डॉक्टरवरच ओरडला. "माझ्या गुडघ्याचा चारशेत निघाला. आणि मी माणूस आहे!"

फोन ठेवला. टिप्या भांडुपच्या त्या दीड खोलीत मोरीपाशी पडून होता. तीन दिवस ओकत होता, आता नुसतं पाणी.

हेमांगी म्हणाली, "बाबा, आईच्या मंगळसूत्राची वाटी सापडत नाही ना? टिप्याने गिळली. मी बघितलं."

वाटी हेमांगीच्या पर्समध्ये होती. काल आईने मणी नव्याने ओवायला काढले, तेव्हा हेमांगीनेच उचलली होती.

रामनाथ उठला. "मग बसलीस काय? रिक्षा बोलाव."

फोटो एक. कुशीवर.
माणसाला सांगतात, श्वास रोखा. कुत्र्याला धरतात. हेमांगीने पुढचे पाय धरले, रामनाथने मागचे. टिप्या हलला. रामनाथने ओढले.
"आतड्यात आंब्याची कोय अडकलीय," डॉक्टर श्रुतिका म्हणाल्या. "आज ऑपरेशन केलं तर वाचेल."
"आणि सोनं?"
"दिसत नाही."
"कोयीच्या मागे असेल. काढा अजून एक."

फोटो दोन. उताणा.
"काका, सोनं असतं तर पांढरंफेक दिसलं असतं."
"घशात बघा."

फोटो तीन. मान.
टिप्या ओरडायचा थांबला होता.
सोनं तिथेही नाही.

रामनाथने पाय सोडले आणि बायकोला फोन लावला. "कमळ, काल मणी ओवायला शेजारची रत्नप्रभा बसली होती ना? तिनेच मारली. आलोच मी. अख्ख्या चाळीसमोर झडती घेतो तिची."

हेमांगीने वाटी टेबलावर ठेवली. टिप्याच्या शेपटीजवळ.

"मी घेतली होती, बाबा. विका ही. पण ऑपरेशन करा ना."

त्याने हात उचलला नाही. वाटी रुमालात बांधली.

"ऑपरेशनचे किती?"

"बावीस हजार. थोडे थोडे दिलेत तरी चालतील."

"तीन फोटो काढले ना, ते वाटीचे. कुत्र्याचा एकही नाही." मग हेमांगीला, "उचल त्याला."

"निदान इंजेक्शन देते," डॉक्टर म्हणाल्या. "पैसे नकोत. शांत जाईल. असा नेलात तर हाल होतील त्याचे."

रामनाथने विचार केला. खरंच केला.

"नको," तो म्हणाला. "हिला कळू दे."

टिप्या शनिवारी दुपारपर्यंत जगला. दोन दिवस रामनाथने हेमांगीला कॉलेजला जाऊ दिलं नाही. मोरीपाशी बसवलं. तिने तोंड वळवलं की तो हनुवटी धरून पुन्हा टिप्याकडे फिरवायचा. कमळने दोन्ही वेळा तिचं ताट तिथेच आणून दिलं.

"जेव गं," ती म्हणाली. "अन्न टाकू नये."