लमाईने गायलेलं वादळ

आंग थोंग गावाच्या नदीकाठी फुआंगसारखा दुसरा कथेकरी नव्हता. हातांत लाकडी चिपळ्या घेऊन तो जुनी महाकाव्यं गायचा. एका पावसाळ्यात घशाच्या दुखण्याने त्याचा आवाज गेला, घोगरी कुजबूज तेवढी उरली. एका नव्या घराच्या गृहप्रवेशाचं गाणं आधीच कबूल केलेलं. बायको लमाई म्हणाली, "तुम्ही चिपळ्या वाजवा. मी गाते."

जन्मभर ऐकून तिला सगळं पाठ होतं. दुपारी ओसरीवर माणसं दाटली. गाता गाता ती नायक-नायिकेच्या मीलनापाशी आली. तिथे देहाचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. त्याऐवजी ढग दाटतात, वारा सुटतो, होडी लाटांवर चढते. फुआंगच्या गाण्यात नायिका आधी हात झिडकारायची, रडायची, मग गप्प व्हायची. पुरुष खिदळायचे.

लमाईची नायिका गप्प झाली नाही. वल्ह्यावर हात ठेवून ती म्हणाली, हळू, पाऊस अजून लांब आहे. मी सांगेन तेव्हा शीड सोड.

गावचा मुखिया कुरकुरला, "बाईच्या तोंडी शोभतं का हे?"

पुढे बसलेली म्हातारी पान चघळायची थांबली. "मुखिया, तुम्हाला सहा पोरं झाली ती काय देवळात नवस बोलून? गा गं पोरी. पुढे काय म्हणाली ती?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लमाई गात राहिली.

परतताना फुआंग तिच्याकडे न बघता नाव वल्हवत होता. लमाईला वाटलं, रागावला.

"नायिका बोलते, हे गुरूंनी कधी शिकवलं नाही," तो शेवटी कुजबुजला.

"गुरूंना कुणी सांगितलंच नसेल."

"तूही मला सांगितलं नाहीस. इतकी वर्षं."

"तुम्ही विचारलंत कुठे? कायम घाईत."

तो आवाजाविना हसला, खांदे हलले. मग वल्हं आडवं ठेवून त्याने तिचा हात हातात घेतला. "आता विचारतो."

लमाई पाण्याकडे बघत बसली. हात तिने सोडवून घेतला नाही.

त्या वर्षी आमंत्रणं कमी आली. काहीजण म्हणायचे, तेवढं वादळ वगळा. तेव्हा फुआंगच कुजबुजत नकार द्यायचा. पुढे मात्र बायकाच नवऱ्यांना पाठवू लागल्या, आमच्या घरी लमाईच हवी म्हणून.